दुसऱ्याचे बोट टोचताना: सेफ्टी लॅन्सेट निवडावी कशी, वापरावी कशी आणि टाकावी कुठे

घरात कुणाला मधुमेह निघाला की आठवड्याभरात ग्लुकोमीटर येतो. मीटर कोणत्या कंपनीचा घ्यावा, पट्ट्या कुठे स्वस्त मिळतात, याची चौकशी चार ठिकाणी होते. सुईची चौकशी मात्र कुणी करत नाही. डब्यात आलेल्या दहा सुया बोथट होईपर्यंत वापरायच्या, मग दुकानदार देईल त्या आणायच्या आणि वापरलेल्या कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायच्या, असे बहुतेक घरांत चालते.

आपल्या इंदुरातल्या मराठी घरांचे चित्र आता बरेचसे सारखे आहे. मुले पुण्याला किंवा बंगळूरला, आणि रामबागेत, लोकमान्य नगरात किंवा सुदामा नगरात सत्तरी-पंच्याहत्तरीचे आई-वडील. त्यांची शुगर पाहते ती सून, पगारी मदतनीस, शेजारच्या काकू किंवा सकाळी पोळ्या करायला येणारी ताई. म्हणजे बोट एकाचे आणि टोचणारा हात दुसऱ्याचा. हा लेख मुख्यतः अशा घरांसाठी लिहिते आहे. आमच्याकडे सासूबाईंची शुगर मी पाहते, आणि नात्यात, ओळखीत कुणी नवीन मदतनीस ठेवली की तिला शिकवायला मला बोलावतात. त्यातून जे पक्के झाले ते सगळे इथे आहे.

सुरुवातीलाच माझे मत सांगते. जो माणूस स्वतःची शुगर स्वतः पाहतो, ज्याचा हात स्थिर आहे आणि नजर चांगली आहे, त्याला सेफ्टी लॅन्सेट, म्हणजे टोचून झाले की आपोआप आत जाणारी सुई, लागतेच असे नाही. सुई बसवून बोट टोचायचे साधे पेन आणि दर वेळी नवी सुई हे त्याच्यासाठी ठीक आणि स्वस्तही आहे. पण दुसऱ्याचे बोट टोचायचे असेल, तर सेफ्टी लॅन्सेटच घ्यावी. तिथे पैसे वाचवू नयेत.

साधी सुई आणि सेफ्टी लॅन्सेट

साधी लॅन्सेट म्हणजे प्लास्टिकच्या बुडख्यात बसवलेली बारीक भरीव सुई. ती पेनात बसवायची, टोपण काढायचे, खोलीचा आकडा लावायचा, खटका ओढायचा, टोचायचे. नंतर पेनाचे तोंड उघडून ती सुई बाहेर काढायची. धोका असतो तो याच शेवटच्या पायरीत. सुईला रक्त लागलेले असते, ती उघडी असते आणि ती काढणाऱ्याची बोटे तिच्यापासून अर्ध्या इंचावर असतात. काहीजण तिच्यावर परत टोपण बसवायला जातात, आणि नेमके तेव्हाच आपले बोट टोचून घेतात.

सेफ्टी लॅन्सेटला पेन लागत नाही. सुई, स्प्रिंग आणि खटका सगळे एका छोट्या प्लास्टिकच्या नळीत बंद असते. दाबले की सुई क्षणभर बाहेर येते, टोचते आणि लगेच आत जाते. यंत्रणाच अशी असते की ती दुसऱ्यांदा सुटत नाही. टोचण्याआधी आणि टोचल्यानंतर, दोन्ही वेळी सुई नजरेला पडत नाही. जी म्हातारी माणसे सुई पाहूनच हात मागे घेतात, त्यांनाही याचा उपयोग होतो.

हेपटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू सुकलेल्या रक्तात, नुसत्या टेबलावर किंवा प्लास्टिकवर, निदान ७ दिवस जिवंत राहू शकतो. रक्ताचा डाग डोळ्यांना दिसलाच पाहिजे असेही नाही. एकमेकांची बोटे टोचायची साधने वापरल्यामुळे हा आजार पसरल्याच्या घटना अमेरिकेत वृद्धाश्रमांमध्ये आणि रुग्णालयांमध्ये घडल्या, आणि २०१० साली तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने स्पष्ट सूचना काढली: बोट टोचण्याचे पेन एकापेक्षा जास्त माणसांसाठी कधीही वापरू नये. सुई बदलली तरीही नाही, कारण रक्ताचा सूक्ष्म अंश पेनाच्या तोंडावर राहतो.

हे वाचून एक गोष्ट आजच तपासा. तुमच्या घरी आजी आणि आजोबा दोघांनाही मधुमेह आहे का, आणि दोघांत एकच पेन आहे का? असेल तर दुसरे पेन घ्या, किंवा दोघांनाही सेफ्टी लॅन्सेटवर आणा. नवरा-बायको आहेत, इतकी वर्षे एका ताटात जेवतात, मग काय होते, असे मला अनेकांनी विचारले आहे. ताटातून हेपटायटिस बी होत नाही. रक्तातून होतो.

खोक्यावर काय वाचायचे

पहिला आकडा गेजचा. इथे गणित उलटे चालते: आकडा मोठा तितकी सुई बारीक. २१ गेजची सुई साधारण ०.८ मिलिमीटर जाड, २८ गेजची सुमारे ०.३६, ३० गेजची ०.३ च्या आसपास. दुकानात "बारीक द्या" म्हणून २१ मागणारे असतात, म्हणून हे ध्यानात ठेवा.

दुसरा आकडा खोलीचा, मिलिमीटरमध्ये. सेफ्टी लॅन्सेटमध्ये बहुधा खोली ठरलेली असते, म्हणजे १.५, १.८ किंवा २ च्या पुढे. काहींना फिरवून खोली कमी-जास्त करता येते. अॅक्यू-चेकची सेफ-टी-प्रो प्लस या प्रकारातली आहे, तिला खोलीच्या तीन पायऱ्या आहेत. दुखणे नुसत्या जाडीवर ठरत नाही. खोली किती आणि हात किती स्थिर, यावरही ते बरेच अवलंबून असते.

मग घ्यायची कोणती? आधी हे लक्षात घ्या की आजकालच्या बहुतेक मीटरांच्या पट्टीला ०.५ ते १ मायक्रोलिटर रक्त पुरते. बारीक मोहरीच्या दाण्याएवढा थेंब झाला तरी काम भागते. त्यामुळे वयस्क, मऊ कातडीच्या हातांना २८ किंवा ३० गेज आणि १.५ मिलिमीटर खोली हे मी आधी सुचवते. ज्यांच्या बोटांना घट्टे पडले आहेत, बागकाम, सुतारकाम किंवा रोजच्या कष्टांमुळे कातडी जाड झाली आहे, त्यांना ३० गेजने थेंब येत नाही. मग दोनदा टोचावे लागते, आणि त्याचा त्रास एका जाड सुईपेक्षा जास्त. त्यांना २३ ते २६ गेज आणि १.८ च्या आसपास खोली द्या. २१ गेज आणि पात्यासारखी धार असलेल्या लॅन्सेट जास्त रक्त लागणाऱ्या तपासण्यांसाठी असतात. घरच्या शुगरसाठी त्या आणू नका.

रंगावर विसंबू नका. बीडी मायक्रोटेनरमध्ये जांभळी ३० गेज व १.५ मिलिमीटर, गुलाबी २१ गेज व १.८ मिलिमीटर आणि निळी पात्याची, असा हिशेब आहे. दुसऱ्या कंपनीची जांभळी भलतीच असू शकते. मागच्या वेळी गुलाबी आणली होती म्हणून या वेळीही गुलाबी मागायची आणि कंपनी मात्र वेगळी, असा घोळ होतो. रिकामा खोका दुकानात घेऊन जा आणि दोन्ही आकडे जुळवा.

तिसरी गोष्ट खटक्याची. काही लॅन्सेटना वर बटण असते: बोटावर टेकवायचे आणि बटण दाबायचे. काहींना बटण नसते, नळी बोटावर दाबत गेले की ठराविक दाबाला ती आपोआप सुटते. शिकणाऱ्यासाठी मी दाबाने सुटणारीच आणायला सांगते. बटणाची लॅन्सेट बोटापासून जराशी उचलली गेली तरी सुटते, मग सुई हवेत जाते आणि ती लॅन्सेट वाया. दाबाची लॅन्सेट कातडीला टेकल्याशिवाय सुटतच नाही. हात थरथरत असेल तर हा फरक फार मोठा आहे.

यानंतर खोक्यावरची चिन्हे. वर्तुळात २ चा आकडा आणि त्यावर तिरकी रेघ, याचा अर्थ एकदाच वापरा. वाळूच्या घड्याळाच्या चित्राशेजारी वापरण्याची शेवटची तारीख असते. 'स्टराइल' या शब्दापुढे आर हे अक्षर असेल तर किरणोत्साराने निर्जंतुक केलेली आहे. तारीख उलटली असेल, किंवा एखाद्या लॅन्सेटचे संरक्षक टोपण आधीच सैल झालेले दिसले, तर ती वापरायची नाही. निर्जंतुकपणा त्या टोपणावरच टिकून असतो. याच कारणासाठी बरणीतून सुट्या दिल्या जाणाऱ्या लॅन्सेट घेऊ नका, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी.

दवा बाजारात शंभराचा खोका घेतला तर नग स्वस्त पडतो. पण पहिल्यांदा लहान खोका घ्या, पंधरवडाभर वापरून पाहा आणि मग मोठा आणा. गेज चुकीचा निघाला तर उघडा खोका कुणी परत घेत नाही.

टोचण्याआधी

तयारी नीट झाली की टोचणे सोपे होते. टेबलावर स्वच्छ कागद पसरा. त्यावर मीटर, पट्ट्यांची बाटली, दोन लॅन्सेट आणि कोरडा कापूस ठेवा. दोन अशासाठी, की एक फुकट गेली तर मध्येच उठावे लागू नये. वापरलेली लॅन्सेट टाकायचा डबा टोचणाऱ्या हाताच्या बाजूला, झाकण उघडून ठेवा. डबा न्हाणीघरात किंवा कपाटावर असेल तर लॅन्सेट टेबलावरच पडून राहते, हे मी हमखास पाहिले आहे.

ज्यांची शुगर पाहायची त्यांना बसवा. उभ्याने कधीच नाही. काहींना रक्त पाहून भोवळ येते आणि शुगर खाली गेलेली असेल तर ती तशीही येऊ शकते.

हात धुणे ही या साऱ्यातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. साबण आणि कोमट पाणी, नंतर स्वच्छ पंचाने पूर्ण कोरडे. जिलेबीचा पाक, आंब्याचा रस, केळ सोलताना लागलेला चिकटपणा, चहात साखर घालताना उडालेले चार कण, यातले काहीही बोटावर असले तरी मीटर तेही मोजतो. आकडा पन्नास-शंभराने फुगू शकतो, आणि त्या खोट्या आकड्यावर कुणी इन्सुलिनचा डोस वाढवला तर शुगर धोकादायक खाली जाते. सॅनिटायझरने किंवा स्पिरिटच्या कापसाने एकदा पुसल्याने फळातली साखर पूर्ण निघत नाही. पाणीच लागते. स्पिरिट लावलेच तर ते पूर्ण उडेपर्यंत थांबा. ओल्या स्पिरिटमुळे थेंब पसरतो आणि आकडाही बिघडतो. रविवारी सकाळी पोहे-जिलेबीच्या पुड्या आल्या की आमच्याकडे आधी शुगर आणि मग पुडी सोडायची, असा नियम आहे. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहून आलेल्या हातांना तर दोनदा धुवा.

मालव्यातल्या थंडीत आणखी एक अडचण. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हात गारठलेले असतात, बोटांत रक्त कमी येते, मग सुईला दोष दिला जातो. कोमट पाण्यात हात धुतल्याने निम्मे काम होते. पाणी किती गरम आहे ते आपल्या कोपराने पाहा. जुन्या मधुमेहात हाता-पायांची संवेदना कमी झालेली असते, त्यांना चटका बसला तरी कळत नाही. मग हात खुर्चीच्या बाजूला अर्धा मिनिट खाली लोंबू द्या. एवढे केले की थेंब सहसा येतो.

टोचणाऱ्यानेही आपले हात धुवावेत. पगारी मदतनीस असेल, किंवा एका बैठकीत दोघांची शुगर पाहायची असेल, तर हातमोजे घालावेत आणि दुसऱ्या माणसाकडे जाण्याआधी ते बदलून हात पुन्हा धुवावेत.

पट्टी बाटलीतून काढली की झाकण लगेच घट्ट लावा. जून संपता संपता हवेत दमटपणा येतो आणि उघड्या बाटलीतल्या पट्ट्या खराब होतात. मे महिन्यात बाटली खिडकीत किंवा स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ ठेवू नका. बहुतेक पट्ट्या ३० अंश सेल्सिअसपर्यंतच ठेवायच्या असतात, आणि आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. घरातल्या सर्वांत थंड खोलीचे कपाट बरे. फ्रिजमध्येही नको.

टोचणे

पट्टी मीटरमध्ये आधीच लावून ठेवा. थेंबाचे चिन्ह आले की लॅन्सेट हातात घ्या.

बोट निवडताना मधले किंवा अनामिका घ्यावी. करंगळीला मांस कमी असते. अंगठा आणि तर्जनी दिवसभर कामात असतात, तिथे दुखलेले फार जाणवते. जागा म्हणजे बोटाच्या टोकाची बाजू: नखाच्या कडेपासून थोडी खाली, गादीच्या मध्यापासून थोडी बाहेर. अगदी मधोमध टोचू नये, कारण तिथे संवेदना सर्वांत जास्त असते. नखाला चिकटूनही टोचू नये.

सासूबाईंचे बोट मी कसे धरते ते सांगते. त्यांचा तळहात वर, मनगट टेबलाच्या कडेला टेकलेले. माझा डावा अंगठा आणि तर्जनी त्यांच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर, दोन्ही बाजूंनी, हलकेच आवळलेली. दोन-तीन सेकंदांत टोक गुलाबी दिसायला लागते. उजव्या हातात लॅन्सेट. तिचे टोपण आधी फिरवून मोकळे करायचे आणि मग ओढायचे. सरळ हिसका दिला तर काही लॅन्सेटमधली स्प्रिंग तिथेच सुटते. टोपण निघाल्यावर नळीच्या तोंडाला बोट लावायचे नाही. नळी कातडीवर काटकोनात ठेवायची, मध्ये फट राहता कामा नये, आणि मग न डगमगता दाबायचे. टक् असा आवाज आला की सरळ वर उचलायची, घासत नाही. "आता टोचते हं" असे मी आवाज येण्याआधीच सांगते. न सांगता टोचले की माणूस दचकतो, आणि पुढच्या वेळी हात देताना घाबरतो.

अर्धवट दाब हेच फसण्याचे मुख्य कारण असते. दुखेल या भीतीने शिकाऊ हात हलका ठेवतो, सुई जेमतेम कातडीपर्यंत पोचते, रक्त येत नाही आणि दुसरी लॅन्सेट लागते. घट्ट टेकवून एकदाच टोचलेले कमी दुखते.

उचललेली लॅन्सेट तिथल्या तिथे डब्यात. थेंब पट्टीला लावण्याआधी. दोन सेकंदांचे काम आहे, थेंब कुठे जात नाही.

आता हात हृदयाच्या पातळीखाली घ्या आणि तळव्याकडून बोटाच्या टोकाकडे हलके दाबत, सोडत या. टोचलेल्या जागेशेजारी चिमटा काढल्यासारखे पिळू नका. तसे केल्याने रक्ताबरोबर पेशींमधले पाणी येते, थेंब पातळ होतो आणि आकडा चुकतो. हात धुऊन कोरडे केले असतील तर पहिला थेंब चालतो. प्रवासात वगैरे धुणे शक्यच नसेल तर पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून दुसरा घ्या.

पट्टीचे टोक थेंबाच्या कडेला टेकवा, रक्त ती स्वतः ओढून घेते. वरून चोपडायचे नाही. रक्त कमी पडून चुकीचा संकेत आला, तर त्याच पट्टीवर पुन्हा रक्त घालू नका, तुमच्या मीटरच्या पुस्तिकेत तशी मुभा दिली असेल तरच घाला.

नंतर कोरडा कापूस मिनिटभर दाबून धरा. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन अशी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांसाठी दोन-तीन मिनिटे. जखमेवर हळद लावायची गरज नाही. ती दुसऱ्या दिवशीही बोटावर राहते आणि पुढच्या थेंबात येते.

बोटे फिरवत राहा. सम तारखेला उजवा हात, विषम तारखेला डावा, एवढा साधा नियम आमच्याकडे पुरतो. ज्या हाताला सूज, जखम किंवा सलाइन आहे, ज्या हातात डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी जोडलेली शीर) आहे, किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेत ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत, तो हात टाळायचा.

थेंब येतच नसेल तर

आधी हात गरम आहे का ते पाहा, मग दाब पुरेसा होता का, मग गेज. हाच क्रम ठेवा. लगेच जाड सुईकडे वळू नका. खोली बदलता येत असेल तर एक पायरी वाढवा. वेगळ्या बोटाची दुसरी बाजू घ्या, त्याच जागी पुन्हा टोचू नका. पाणी कमी प्यायले असेल, विशेषतः उन्हाळ्यात, तरी थेंब नीट येत नाही.

आकडा आला, पुढे?

घरगुती मीटरच्या अचूकतेसाठी २०१३ चे आयएसओ १५१९७ हे मानक आहे. त्यानुसार १०० च्या वरचे ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के आगेमागे असले तरी मीटर पास होतो. म्हणजे १४८ आला म्हणून खात्रीसाठी पुन्हा टोचून १६० आला, तर त्यातून काही सिद्ध होत नाही, फक्त एक बोट जास्त दुखले. आकडा आणि माणसाची तब्येत जुळत नसेल, तेव्हाच हात पुन्हा धुऊन दुसऱ्यांदा पाहा.

७० च्या खाली आकडा असेल, किंवा घाम, थरथर, गोंधळ दिसत असेल, आणि माणूस शुद्धीत व गिळण्याच्या स्थितीत असेल, तर लगेच १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा शुगर पाहा. सुधारली नाही तर पुन्हा द्या. ५४ च्या खाली गेली तर ती गंभीर बाब आहे, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा.

एरवी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे प्रौढांसाठीचे सर्वसाधारण लक्ष्य. खूप वयस्कांना डॉक्टर थोडे सैल लक्ष्य देतात, गरोदर बाईला बरेच कडक. दिवसातून किती वेळा टोचायचे तेही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. इन्सुलिनवर असलेल्याला जितक्या वेळा लागते, तितक्या वेळा नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर असलेल्याला लागत नाही. वहीत तारीख, वेळ आणि जेवणाआधी की नंतर, एवढे लिहा. जेवणानंतरची शुगर दोन तासांनी पाहतात, ते दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे.

वापरलेली लॅन्सेट कुठे जाते

इंदुरात कचऱ्याचे सहा भाग होतात: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि इलेक्ट्रॉनिक. आपल्यापैकी बहुतेकांना पहिले दोन तोंडपाठ असतात. वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात मोडतात, २०१६ च्या घनकचरा नियमांत त्यांचा तसा स्पष्ट उल्लेख होता. ओल्या कचऱ्यात टाकलेली लॅन्सेट देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पाकडे निघते, सुक्यात टाकलेली वर्गीकरणाच्या पट्ट्यावर. तिथे माणसे हातांनी कचरा वेगळा करतात. त्यांची बोटेही कुणाची तरी आहेत, आणि हे शहर स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ दर वर्षी पहिले आले ते त्या हातांच्या जोरावर.

सेफ्टी लॅन्सेटची सुई आत गेलेली असते, मग सुक्यात टाकली तर काय बिघडले, असे विचारतात. नळी चिरडली गेली की सुई बाहेर येऊ शकते आणि तिच्या तोंडाला रक्त असतेच. तिलाही वेगळेच ठेवायचे.

डबा विकत आणायला नको. फिनाइलची किंवा कपडे धुण्याच्या द्रवाची जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची बाटली धुऊन वाळवा. पाण्याची पातळ बाटली नको, तिच्यातून सुई आरपार जाते. काचही नको, फुटते. पट्ट्याही यातच टाका. तीन चतुर्थांश भरली की झाकण लावून चिकटपट्टीने बंद करा आणि वर मोठ्या अक्षरांत हिंदीत लिहा: "सुइयाँ हैं, न खोलें". कचरागाडीवरच्या दादांना किंवा ताईंना ती हातात देताना तोंडीही सांगा, नुसती कप्प्यात टाकून येऊ नका. रक्ताचा कापूस कागदात गुंडाळून सॅनिटरी कप्प्यात. नातवंडे येणार असतील तर भरत असलेली बाटली उंचावर, कुलपाच्या कपाटात.

मंडळाचे शिबिर असेल तर

गणेशोत्सवात आणि १४ नोव्हेंबरच्या जागतिक मधुमेह दिनाच्या सुमारास आपली मंडळे मोफत शुगर तपासणी ठेवतात. फार चांगले काम आहे. पण एका शिबिरात रांगेतल्या प्रत्येकाचे बोट एकाच पेनाने टोचले जाताना मी पाहिले आहे. सुई बदलत होते, पेन तेच. म्हणून आयोजकांना कळकळीने सांगणे आहे. शिबिरात पेन आणूच नका. नोंदणीच्या अंदाजापेक्षा दहावा हिस्सा जास्त सेफ्टी लॅन्सेट आणा. प्रत्येक माणसागणिक हातमोजे बदला. हात धुण्यासाठी पाणी-साबणाची बादली रांगेच्या सुरुवातीला ठेवा, प्रसादाचा पेढा तपासणीनंतर द्या. मीटर शक्य तर थेंब त्याला न टेकणारा घ्या आणि प्रत्येकानंतर जंतुनाशकाने पुसा. सुयांचा डबा प्रत्येक टेबलावर वेगळा, आणि शिबिर संपल्यावर तो मदत करणाऱ्या डॉक्टरांच्या रुग्णालयाकडे सोपवा, तिथे सुयांसाठी वेगळे पांढरे डबे असतात. टोचणाऱ्या स्वयंसेवकांनी हेपटायटिस बीची लस घेतलेली असावी: तीन डोस, पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. म्हणजे गणपतीच्या शिबिरासाठी माघातच सुरुवात करावी लागेल.

दुसऱ्याची सुई टोचलीच तर

जखम पिळू नका, चोखू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका. लगेच, काम संपल्यावर नव्हे, डॉक्टरांकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. ज्याचे रक्त होते त्या माणसाची हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी विचारली जाईल, म्हणून शक्य असल्यास त्यांचे जुने रिपोर्ट बरोबर न्या. एचआयव्हीपासून बचावाची औषधे लागणार असतील तर ती होता होईल तो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांत सुरू व्हावी लागतात. हेपटायटिस बीची लस आधी घेतली आहे की नाही, हेही तिथे सांगा. मदतनीस बाईला हे आधीच समजावून ठेवा आणि टोचले तर लपवू नकोस, खर्च आम्ही करू, असे स्पष्ट शब्दांत सांगा. कामावरून काढतील या भीतीने बायका गप्प बसतात, आणि औषधाची वेळ निघून जाते.